नव्वद नंबरचं टेबल

१

ऑफिसातल्या फळीवर पेटी नव्हती. पेटीच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

टिलरीबाई त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. समान रोजगार आयोगाच्या मिलवॉकी कचेरीत तपासनीस म्हणून त्यांना बावीस वर्षं झाली होती. गहाळ कागद त्यांना नवे नव्हते. पण या पेटीबद्दल मागच्याच शुक्रवारी त्यांची नोटीस ‘कॉपर हेरॉन’ला पोचली होती. वेटरच्या जागांसाठी आलेले आणि नाकारलेले सगळे अर्ज आहेत तसे जपून ठेवा, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. आज गुरुवार होता.

“पाइप फुटला हो मॅडम,” ट्रेव्हर स्टँटन म्हणाला. तो या हॉटेलचा मॅनेजर. पस्तिशीचा, दात पांढरेशुभ्र, बोलणं लोण्यासारखं. “बरोबर त्या पेटीवरच गळला. कागदांचा नुसता लगदा झाला. काय करणार, टाकून दिली.”

“कधी?”

“सोमवारी. म्हणजे मी इथे नव्हतोच. सोमवारी आमची सुट्टी असते, आणि मी दिवसभर शिकागोला मुख्य कचेरीत होतो. मंगळवारी येऊन बघतो तर हे असं!”

टिलरीबाईंनी वर पाहिलं. पाइप होता, पण त्यावर जुना रंग जिथल्या तिथे होता. मग त्यांनी फळीकडे पाहिलं. रिकाम्या चौकोनाला खेटून तशीच आणखी एक पुठ्ठ्याची पेटी होती, वर काळ्या शाईत ‘उद्घाटनाची मेनूकार्डं’ असं लिहिलेलं. पुठ्ठा कडक आणि कोरडा होता.

“या पेटीवर एक थेंब नाही पडला?”

“नशीब!” ट्रेव्हर हसला. “पण ज्यांना घेतलं त्यांचे अर्ज आहेत ना. एकूण चौसष्ट. घेऊन जा खुशाल.”

चौसष्ट अर्ज घेऊन टिलरीबाई गाडीत बसल्या. जन्मसालाचा रकाना अर्जावर नव्हता. पण शाळा कधी संपवली ते वर्ष होतं, आणि तेवढ्यावरून हिशेब लागत होता. चौसष्टपैकी वयाने सर्वांत मोठा माणूस एकतीस वर्षांचा होता.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा वकील बोलत होता. तक्रार करणाऱ्या बाईंना आम्ही नोकरी द्यायला तयार आहोत, तो म्हणाला. आत, स्वयंपाकघरात. अट एवढीच, तक्रार मागे घ्यायची आणि कुठे बोलायचं नाही. मुदत उद्या दुपारी बारापर्यंत.

२

तक्रार करणारी बाई म्हणजे बर्नडीन पावलक. वय छप्पन्न. तळ्याकाठच्या एका जुन्या सपर क्लबमध्ये, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या हॉटेलात, तिने एकतीस वर्षं टेबलं सांभाळली होती. मालक गेला, पोरांनी जागा विकली, क्लब बंद झाला. ‘कॉपर हेरॉन’ उघडतंय कळल्यावर ती केस नीट करून, बूट पॉलिश करून मुलाखतीला गेली. मुलाखत चार मिनिटांत आटोपली. आता ती एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये ट्रे पुसत होती.

स्वयंपाकाच्या टेबलाशी बसून टिलरीबाईंनी तिला वकिलाचा निरोप सांगितला.

“आत म्हणजे कुठे?” बर्नडीनने विचारलं.

“भाज्या चिरायला, सूपं ढवळायला.”

“म्हणजे गिऱ्हाइकांना मी दिसायला नको.”

“तसंच.”

“मला काय म्हणाले होते माहितीये? ‘आम्हाला ताजेपणा हवाय.’ अहो, मी काय कोबी आहे?”

टिलरीबाई हसल्या नाहीत. त्यांना पुढचं सांगायचं होतं. “बर्नडीन, मी तुमची फसवणूक करणार नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. चाळिशी ओलांडलेल्याला वयासाठी नाकारता येत नाही, वीस किंवा जास्त नोकर असलेल्या कुठल्याही धंद्यात नाही. गिऱ्हाइकांना तरुण चेहरे आवडतात, ही सबबसुद्धा चालत नाही. पण हे वयामुळेच झालं हे दाखवावं लागतं. त्या पेटीत तुमच्यासारखे आणखी किती होते, कोण होते, कुठे राहतात, सगळं होतं. ती नसेल तर तुमचा एकटीचा शब्द उरतो. प्रकरण बंद पडू शकतं. वकिलाने देऊ केलेली नोकरीही जाईल आणि हेही जाईल.”

बर्नडीन उठली, खिडकीपाशी गेली. बाहेर शेजाऱ्याच्या गाडीवर हातभर बर्फ साचला होता.

“त्या बाकीच्यांना ठाऊक आहे का? आपल्याला का नाही घेतलं ते?”

“नसणार. तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.”

“एक माणूस माझ्या पुढे रांगेत होता. टाय लावून आला होता बिचारा. बाहेर पडताना मला म्हणाला, ‘माझंच काहीतरी चुकलं वाटतं.’” ती वळली. “त्या वकिलाला सांगा, तुझं सूप तूच ढवळ.”

“उद्या बारापर्यंत विचार करायला वेळ आहे.”

“झाला विचार करून.” मग दाराशी पोचलेल्या टिलरीबाईंना तिने थांबवलं. “एक सांगायचं राहिलं. कामाचं आहे की नाही कोण जाणे. मुलाखत घेणाऱ्या पोरीने माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहिला. नव्वद.”

“तुम्हाला कसा दिसला? तुम्ही तर समोर बसला होता.”

“अहो, एकतीस वर्षं दुसऱ्याच्या हातातल्या ऑर्डरी उलट्या बाजूने वाचल्यात मी. नव्वदच होता. वाटलं, शंभरपैकी मार्क दिलेत. मग घेतलं का नाही?”

टिलरीबाईंनी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. पहिल्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारा लिहिलं होतं. दुसऱ्यावर सात. तिसऱ्यावर एकतीस. चौसष्टच्या चौसष्ट अर्जांवर आकडा होता, आणि एकही आकडा बेचाळीसच्या वर नव्हता.

३

शुक्रवारी सकाळी अकराला टिलरीबाई पुन्हा हजर झाल्या. शुक्रवार म्हणजे तळलेल्या माशांचा वार, त्यामुळे आतापासूनच टेबलं भरायला लागली होती. पर्च मासा, बटाट्याची धिरडी आणि राय ब्रेडचा वास दारातच येत होता.

“हे आकडे कसले?” त्यांनी ट्रेव्हरला गठ्ठा दाखवला.

ट्रेव्हरने गठ्ठा चाळून बघितला. “मुलाखत ज्या टेबलावर झाली, त्याचा नंबर. सगळ्या हॉलमध्ये मुलाखती चालल्या होत्या ना.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्याच्यामागे असिस्टंट मॅनेजर उभी होती. ब्रिन ऑस्बी, सव्वीस वर्षांची, पांढरा शर्ट, घट्ट बांधलेले केस. ती टिलरीबाईंकडे नाही, गठ्ठ्याकडे बघत होती.

ट्रेव्हर वकिलाला आणायला गेला. टिलरीबाईंनी हॉलमध्ये एक फेरी मारली. प्रत्येक टेबलाच्या कडेला पितळेचा छोटा नंबर ठोकलेला होता. त्यांनी शेवटपर्यंत जाऊन बघितलं. शेवटचा नंबर बेचाळीस. म्हणजे बर्नडीनची मुलाखत जिथे झाली, ते टेबल या हॉटेलात नव्हतंच.

खिडकीशी बसलेलं एक म्हातारं जोडपं कुरकुरत होतं.

“दोघांत एकच मेनूकार्ड? अहो, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, हिला चष्म्यातूनही दिसत नाही!”

“माफ करा,” वेटर पोरगी म्हणाली. “जास्तीची एक पेटीभर होती, पण संपलीत. ब्रिन म्हणते, पेटी रिकामी आहे.”

टिलरीबाई जागीच थांबल्या. मग काही न बोलता स्वयंपाकघराच्या दिशेने चालू लागल्या.

४

स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात युलालिया बारागान कांदे चिरत होती. वय एकसष्ट. या हॉटेलातली पांढऱ्या केसांची एकुलती एक बाई, आणि तिचा ओटा हॉलमधून दिसत नव्हता.

“सोमवारी सुट्टी,” टिलरीबाई म्हणाल्या. “पण रस्सा तर आदल्या दिवशीच चढवावा लागतो.”

“लागतो ना. मीच येते. मागच्या दाराची किल्ली आहे माझ्याकडे. पण ऑफिसची नाही हं, ते आधीच सांगते.”

“ऑफिसची कुणाकडे?”

“साहेबाकडे अन् त्या ब्रिनकडे.”

“या सोमवारी ऑफिसात कोणी होतं?”

युलालियाने सुरी खाली ठेवली. “बाई, मी बोलले तर माझी नोकरी जाईल का हो?”

“तपासात साक्ष दिली म्हणून काढलं, तर तो वेगळा गुन्हा. तीही तक्रार मीच लिहून घेईन.”

“दार बंद होतं. आत ते कागद कातरायचं यंत्र चालू होतं. पण एरवीसारखं नाही. एरवी गुरगुरतं. त्या दिवशी घशात काही अडकल्यासारखं करत होतं. थांबायचं, परत चालायचं. अन्…”

“अन् काय?”

“आत कोणीतरी रडत होतं.”

मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याशेजारी एक पिशवी फाटली होती. तिच्यातून सांडलेल्या पट्ट्या बर्फात गोठून बसल्या होत्या. टिलरीबाईंनी गाडीची किल्ली काढली, गुडघे टेकले आणि बर्फ टोकरायला सुरुवात केली. साठीला आलेल्या सरकारी बाई कचऱ्याशी ओणव्या होऊन काय करताहेत, ते बघायला दोन आचारी दारात आले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पाचेक मिनिटांत त्यांच्या तळहातावर तीन पट्ट्या आल्या. कागद जाड होता, मलईच्या रंगाचा. एका पट्टीवर माशाच्या शेपटीचं चित्र होतं. अर्जाचा कागद पांढरा आणि पातळ असतो.

टिलरीबाई उभ्या राहिल्या. घड्याळात पावणेबारा झाले होते.

५

ऑफिसात ट्रेव्हर होता, वकील होता, आणि ट्रेव्हरने बोलावलेली ब्रिन होती. वकिलाने घड्याळाकडे पाहिलं.

“पंधरा मिनिटं राहिलीत. काय ठरलं तुमच्या बाईंचं?”

“त्या म्हणाल्या, तुझं सूप तूच ढवळ.”

वकिलाचे ओठ घट्ट मिटले. “ठीक आहे. मग पुरावा काय आहे तुमच्याकडे?”

“बसा, सांगते.” टिलरीबाईंनी तीन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्याखाली लगेच पाण्याचा ओघळ आला. “मिस्टर स्टँटन, अर्जांच्या कोपऱ्यातला आकडा म्हणजे मुलाखतीचं टेबल, असं तुम्ही पाऊण तासापूर्वी सांगितलंत. बर्नडीन पावलक यांच्या अर्जावर नव्वद लिहिलं होतं. तुमच्या हॉलमध्ये टेबलं आहेत बेचाळीस.”

“त्या बाईंच्या नजरेचा दोष असेल. वय झालं की…”

बोलता बोलता तो थांबला. वकिलाने डोळे मिटून घेतले.

“हो का? वय झालं की काय होतं?” टिलरीबाईंनी शांतपणे विचारलं. “ज्याला घ्यायचं त्याला खऱ्या टेबलाचा नंबर. ज्याला घ्यायचं नाही त्याला नसलेल्या टेबलाचा. कागदावर वयाबद्दल अक्षरही नाही. छान युक्ती आहे.”

“हे नुसते तर्क आहेत,” वकील म्हणाला. “अर्ज भिजून गेलेत.”

“पाइप कधी गळलाच नाही. शेजारची पेटी खडखडीत कोरडी आहे. अर्ज कातरून टाकायचा हुकूम दिला गेला, आणि सोमवारी तो पाळला गेला, असं मिस्टर स्टँटन समजतात. म्हणून ते इतके निवांत आहेत. पण ही बघा पट्टी. हा अर्ज नाही, हे मेनूकार्ड आहे. यंत्र त्या दिवशी अडखळत होतं, कारण त्यात जाड कागद भरला जात होता. जो कोणी ते भरत होता, त्याच्या बोटांना ते कळल्याशिवाय राहिलं नसेल. म्हणजे अदलाबदल चुकून झाली नाही, मुद्दाम केली गेली.”

ट्रेव्हरचा चेहरा उतरला. त्याने पट्टी उचलून उजेडात धरली.

“सोमवारी हॉटेल बंद होतं. ऑफिसच्या किल्ल्या दोघांकडे. त्यातले एक शिकागोला होते, हे त्यांनीच मला काल न विचारता सांगितलं.”

कोणी ब्रिनकडे पाहिलं नाही, आणि तरी सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच गेलं होतं.

“आता शेवटची गोष्ट. बाहेर गिऱ्हाइकांना मेनूकार्डं पुरत नाहीत. जास्तीची पेटी रिकामी झाली, असं वेटरना सांगितलंय.” टिलरीबाईंनी भिंतीकडे बोट केलं. “मग ती फळी मधोमध वाकलीय कशाने?”

‘उद्घाटनाची मेनूकार्डं’ लिहिलेल्या पेटीखाली फळी खरंच वाकली होती. तीन दिवस ट्रेव्हर तिच्या खालून ये-जा करत होता.

“ती पेटी खाली काढायला कुणाची हरकत?”

“हरकत आहे!” ट्रेव्हर ओरडला. “ब्रिन, हात लावायचा नाही! ही कंपनीची मालमत्ता आहे. ऐकतेस ना? एक पाऊल पुढे टाकलंस तर…”

ब्रिनने दोन पावलं टाकली. पेटी जड होती. तिने ती छातीशी धरून खाली उतरवली, टिलरीबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि झाकण उघडलं. वरच्याच अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, नव्वद.

“एकशे सदतीस आहेत,” ती म्हणाली. “सगळे नव्वद मीच लिहिलेत मॅडम. हे म्हणाले, तुला पुढे जायचंय ना, मग लिही. लिहिले. मग सोमवारी म्हणाले, कातरून टाक, मी येऊन पिशवी बघतो. पहिला अर्ज यंत्रात घालायला घेतला. त्यावर विचारलेलं असतं ना, ही नोकरी तुम्हाला का हवी? तिथे एकाने लिहिलं होतं, ‘कारण मला हे काम येतं.’ एवढंच.” तिने डोळे पुसले. “नाही घालता आला.”

“तुला कळतंय का, तू काय केलंस?” ट्रेव्हर म्हणाला.

“कळतंय. सहा महिने कळत नव्हतं.”

“मी काय माझ्या मनाने करत होतो? वरूनच तसं…”

“ट्रेव्हर, गप्प बस!” वकील पहिल्यांदाच ओरडला.

पण टिलरीबाईंची लेखणी आधीच चालू लागली होती. ‘वरून’ हा शब्द त्यांनी लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. या कंपनीची अकरा हॉटेलं होती.

६

ब्रिनला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. साक्षीदारावर सूड उगवला म्हणून आयोगाने लगेच दुसरं कलम लावलं, आणि वकिलाची झोप उडाली.

एकशे सदतीस पत्रं गेली. काही परत आली, माणसं घर सोडून गेली होती. दोन पत्रांना नातेवाइकांनी उत्तर दिलं, आता ते नाहीत म्हणून. पण मार्चमध्ये वाचनालयाच्या सभागृहात त्र्याऐंशी लोक जमले. केनोशाहून आले, रॅसिनहून आले. कोणी चाळीस वर्षं बार सांभाळलेला, कोणी लग्नांच्या पंगती वाढलेली. बर्नडीनच्या पुढे रांगेत असलेला तो माणूसही आला होता. त्याचं नाव होतं एल्वूड झारेम्बा. आपल्या अर्जावरच्या आकड्यावरून त्याने बोट फिरवलं.

मग म्हणाला, “म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं.”

“नव्हतं,” बर्नडीन म्हणाली.

“इतके महिने मी बायकोला सांगतोय की माझं काहीतरी चुकलं.”

त्या सभागृहात कंपनीचा नवा निरोप वाचून दाखवला गेला. पुढे होऊन तक्रार केलेल्या आठ-दहा जणांशी आपसांत मिटवू, बाकीच्यांचं सोडा. बर्नडीन खुर्चीवरून उठली.

“ज्यांना आठ-दहांत जायचंय त्यांनी जावं, मी नावं ठेवणार नाही. पण मला त्या पेटीतलं कुणी मागे सोडायचं नाही. आपल्याला एकाच आकड्याने एकत्र बाहेर काढलंय. आत जायचं तर एकत्रच जाऊ.”

आधी टाळ्या वाजल्या नाहीत. आधी एल्वूड उभा राहिला, मग त्याच्या मागची बाई, मग एकेक करत सगळी रांग. गुडघे धरून उठायला काहींना वेळ लागला, पण बसून कोणी राहिलं नाही.

खटला दीड वर्ष चालला. कंपनीने वकील बदलले, कारणं बदलली. सुरुवातीला ‘ऊर्जा’ म्हणाले, मग ‘अनुभव जरुरीपेक्षा जास्त’ म्हणाले. ब्रिन तीन दिवस साक्षीला उभी होती. उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, तुम्ही स्वतःच भेदभाव केलात हे कबूल आहे का? ती म्हणाली, “हो. म्हणूनच मला नक्की ठाऊक आहे.” शेवटी निकालाआधीच कंपनी नमली आणि न्यायालयाच्या हुकुमावर सही झाली. पेटीतल्या प्रत्येकाला भरपाई. अकराही हॉटेलांत नव्याने भरती, आयोगाच्या देखरेखीखाली. ट्रेव्हरला कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. ज्यांनी त्याला ‘वरून’ सांगितलं होतं, त्या दोघांनाही या वेळी जावं लागलं.

बर्नडीनला पुन्हा विचारणा झाली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. भरपाई मिळाली होती, घरी बसली असती तरी चाललं असतं. मुलगी म्हणालीही, “आई, जिंकलीस ना? आता कशाला त्या लोकांचं तोंड बघतेस?”

“त्यांनी माझं बघावं म्हणून,” बर्नडीन म्हणाली.

टिलरीबाई एका शुक्रवारी मुद्दाम तिथे जेवायला गेल्या. दारापर्यंत रांग होती. एल्वूड टाय लावून बारमागे ब्रँडी ओतत होता. हॉलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, बर्नडीन तीन टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवून चालली होती.

एका टेबलावर चार तरुण पोरं बसली होती. त्यातला एक तिच्याकडे बघत कौतुकाने म्हणाला, “बापरे, आजी, तुम्ही अजून काम करता?”

बर्नडीनने त्याच्यापुढे माशांची गरमागरम बशी ठेवली.

“तू अजून जेवतोस ना?” ती म्हणाली. “मग!”

आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेली.